मान हलवली

धोंडप्पा मिस्तरींना दोन वर्षांपासून नीट ऐकू येत नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्या बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. नागूबाईंनी कानाला मशीन लावून घ्या म्हणून डोकेफोड केली, पण मिस्तरी कसले ऐकतात! कान गेलेल्या मिस्तरीच्या दारात गाडी कोण लावणार? त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची.

मूठ झाकायला त्यांनी दोन युक्त्या काढल्या होत्या. एक पेचकसाची. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. कानात न शिरणारे ठोके दातांतून थेट डोक्यात जात. दुसरी युक्ती त्याहून सोपी. कुणी काही बोललं आणि कळलं नाही, की मान हलवायची. माणसाला बहुतेक वेळा तेवढंच हवं असतं. तो खूष होऊन निघून जातो.

त्या दिवशी धाराशिवहून एसटीनं मिस्तरी तेरखेड्याला उतरले, तेव्हा दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. गावाबाहेर आण्णासाहेबांचा फटाक्यांचा कारखाना. कारखान्यात पाण्याचा ट्रक होता. मिलिटरीच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा, वयानं आण्णासाहेबांच्या बरोबरीचा. मागं टाकी, टाकीला पंप, आणि पंप इंजिनावर फिरणारा. असली गाडी जाणणारा मिस्तरी पंचक्रोशीत आता एवढाच उरला होता. श्रावणात त्यांनीच ती दुरुस्त करून दिली होती.

आठ दिवसांपूर्वी सकाळी दहाला वाळवणाच्या एका शेडला आग लागली. ड्रायव्हर शरणप्पानं ट्रक आणला, पंप जोडला आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. पाणी सुटेस्तोवर तिथंच कामाला असलेल्या त्याच्या बायकोनं, शिवकांतानं, आत अडकलेल्या बायकांना वाट करून द्यायला बादल्या मारल्या. बाकीच्या सुखरूप निघाल्या. शिवकांताचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. ती धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात होती.

"चोक ओढलेला सापडला, मिस्तरी!" आण्णासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच दांडगा, म्हणून मिस्तरींना त्यांच्याशी बोलायला आवडे. "गरम गाडीला चोक! वीस वर्सं ड्रायव्हरकी केली ह्यानं. तुमी एकदा बघून सांगा, म्हंजी मला त्याला कामावरनं काढता येईल. तोबी न्हाय म्हनत न्हाय. मीच ओढला म्हनतो."

शरणप्पा ट्रकच्या पलीकडं उभा होता. त्याच्या गालांवर आठ दिवसांची दाढी होती. त्यानं मिस्तरींना हात जोडले आणि खाली बघितलं.

मिस्तरींना पोटातून वाईट वाटलं. गरम इंजिनाला चोक लावला की हवा अडते, पेट्रोल जास्त होतं आणि इंजिन गुदमरतं, हे त्यांनीच शरणप्पाला शिकवलं होतं. तरी घाबरला की माणूस चुकतो.

ट्रक शेडपासून लांब, रस्त्याच्या कडेला नेऊन त्यांनी बॉनेट उघडलं. आधी सहाही प्लग काढून मडगार्डवर ओळीनं मांडले. पेट्रोल जास्त जात असतं तर ते काजळले असते. हे पांढरेफटक होते. इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं, हवा जास्त होत होती. मिस्तरींच्या कपाळाला आठी पडली. पिशवीतले दुसरे प्लग बसवून त्यांनी गाडी चालू करायला सांगितली.

थंड होती तोवर बरी चालली. गरम झाल्यावर अडखळायला लागली. मिस्तरींनी पेचकस दातांत धरला. ठोका, ठोका, मग एक गाळलेला, मग दोन घाईघाईचे. ठिणगीचे पॉईंट बघितले. कार्बोरेटर उघडून जेट फुंकले. सगळं स्वच्छ होतं. कुठून तरी फुकटची हवा आत शिरत होती.

त्यांनी तांब्यात साबणाचं पाणी मागवलं आणि एकेका सांध्यावर थेंब थेंब सोडलं. कार्बोरेटरच्या बुडापासून मागं जाणाऱ्या रबरी नळीच्या वळणावर थेंब पडला आणि आत ओढला गेला. दातांतले ठोके एकदम सरळ झाले. त्यांनी नळी चिमटीत दाबली, इंजिन शांत चाललं. सोडली, पुन्हा अडखळलं. वळणाच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर होती.

शरणप्पा वाकून बघत होता. तो जवळ आला आणि मिस्तरींच्या उजव्या कानापाशी म्हणाला, "म्हंजी ह्या सुंईनंच का, मिस्तरी?"

"कसली सुंई?"

"ही काय, वाजतीया की. आता, ह्या घडीला. शिट्टीवानी." त्यानं नळीवर बोट ठेवलं. "श्रावणापासनं वाजती. तुमी हितंच वाकून हुता तवा म्या इचारलं बी व्हतं, ह्यो आवाज चालतो का म्हनून. तुमी मान हलवली. म्या म्हनलं, मिस्तरी ऐकत्यात, म्हंजी असंल बराबर."

मिस्तरींनी पेचकस तोंडातून काढला. ठोके दातांतून येतात, हवेची शिट्टी येत नाही. दोन वर्षांत हे त्यांच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. आणि ती मान! श्रावणातली ती दुपार त्यांना आठवेना. आठवणार तरी कशी, अशा किती माना त्यांनी हलवल्या होत्या.

"कितींदा बंद पडल्यावर चोक ओढलास?" त्यांनी विचारलं. "बोटांवर दाव."

शरणप्पानं तीन बोटं वर केली. "तीनदा बंद पडली. मग घाबरून ओढला."

"मग?"

"मग... मग सुटलं पाणी."

मिस्तरींनी नळी तशीच फुटकी ठेवली. शरणप्पाला पंप जोडायला सांगितला. इंजिन थरथरलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. मग त्यांनी स्वतः केबिनमध्ये हात घालून चोक अर्धा ओढला. इंजिनानं दम धरला. पंप फिरला, पाईपातून पाण्याची धार रस्त्यावर पडली आणि पडतच राहिली. हवा जास्त होती, चोकनं ती अडवली. गरम इंजिनाचा नियम फुटक्या नळीला लागू नव्हता.

धार बघून आण्णासाहेब लगबगीनं आले. "मग मिस्तरी? चोकच ना?"

नुसती मान हलवायची होती. इतकी वर्षं जमवलेलं नाव, दारातल्या गाड्या, सगळं त्या एका मानेवर जागच्या जागी राहिलं असतं. शरणप्पा तर स्वतःहून फासावर चढायला उभाच होता.

"न्हाय," मिस्तरी म्हणाले. "चोक ओढला म्हनून तर पानी आलं. ओढला नसता तर सगळा कारखाना गेला असता. नळी फुटली व्हती, आण्णासाहेब. श्रावणातच फुटली व्हती. ह्यानं मला सांगितलं, आन् म्या मान हलवली. मला ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली. म्या कुनाला कळू दिलं न्हाय."

आण्णासाहेब काहीतरी म्हणाले. पहिल्यांदाच हळू बोलले, त्यामुळं मिस्तरींना ते कळलं नाही. शरणप्पानं पाठ फिरवली होती. त्याचे खांदे हलत होते. पाठमोराच तो काहीतरी बोलला. शिवी होती, की रडणं, की दुसरंच काही, समजायला मार्ग नव्हता. मिस्तरींची मान सवयीनं हलायला निघाली. त्यांनी ती आवरली.

ते चालत त्याच्यासमोर गेले. "काय म्हनालास? मला ऐकू न्हाय आलं. पुन्यांदा सांग."

शरणप्पाचा चेहरा ओला होता. त्यानं मिस्तरींचा दंड गच्च धरला, तोंड त्यांच्या कानाला लावलं आणि ओरडला, "ती माझ्याशी बोलत न्हाय! रोज नुसती चोक ओढलेल्या ह्या माझ्या हाताकडं बघती! चला दवाखान्यात, तिला सांगा!"

मिस्तरींनी तिला दाखवायला मडगार्डवरचा एक पांढरा प्लग उचलून खिशात टाकला आणि कामाला लागताना काढलेल्या आपल्या चपला शोधू लागले.