लाल दोरीनं बांधलेली मशीन

मित्रांनो, आधी माझं झाकण बघा. लाकडाचं आहे, एका कोपऱ्याचा टवका उडालेला आहे आणि कडी तुटली म्हणून ते लाल दोरीनं बांधलेलं आहे. त्या झाकणाखाली मी असते. हातानं चाक फिरवून चालवायची, काळ्या रंगाची, जुनी शिलाई मशीन. अंगावर एके काळी सोनेरी वेलबुट्टी होती. ती आता निम्मी पुसली गेली आहे, पण टाका अजून सरळ पडतो. हे मी स्वतःच्याच तोंडानं सांगून टाकते, कारण दुसरं कोणी सांगेल याचा भरवसा नाही.

कारखान्यात माझ्यासारख्या पुष्कळ जणी एका रांगेत तयार झाल्या. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती दुकानाच्या काचेतून माझ्याकडे बघणारी एक तरुण बाई. ती यायची, बघायची आणि निघून जायची. नवरा गेल्यावर घरात ती आणि तिची सासू दोघीच उरल्या होत्या. एक दिवस दोघी बरोबर आल्या. सासूबाईंनी माझं चाक स्वतः फिरवून पाहिलं, नाक मुरडलं आणि मला घरी नेलं. तेव्हापासून त्या घरची चूल माझ्या जोरावर पेटू लागली.

हळूहळू लोक त्या बाईला शिवणमावशी म्हणू लागले. शाळेचे गणवेश, बाळांची झबली, पडदे, उशांचे अभ्रे, काय काय माझ्या सुईखालून गेलं! मावशी मला नेमानं तेल द्यायच्या आणि तेल देताना माझ्याशी बोलायच्या. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ते मला असं तेलाबरोबर कळलं आहे.

मावशी ज्या चर्चला जात, त्याच्या मागे एक लांबट हॉल होता. रविवारची उपासना संपली की लोक तिथे वस्तू आणून ठेवत. घोंगड्या, साबण, भांडी, कपडे, खेळणी. शनिवारी मंडळी जमून त्यांची निवडानिवड करत. काही वस्तू वृद्धाश्रमात जात, काही मुलांच्या वसतिगृहात आणि काही गावाबाहेरच्या आधारगृहात. घर सुटलेल्या बायका तिथे मुलाबाळांसह राहत. ज्यांना वस्तू देणं जमत नसे ते वेळ देत. कोणी वृद्धांना वाचून दाखवी, कोणी वसतिगृहाचे नळ दुरुस्त करी. मावशी मला उचलून हॉलमध्ये आणत आणि आलेल्या कपड्यांची उसवण शिवत. फाटकं द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

सामान पाठवायचं काम पोस्टमनकाकांकडे होतं. नोकरी संपली तरी त्यांच्यातला पोस्टमन काही रिटायर झाला नव्हता. हाती आलेली वस्तू मुक्कामी पोचवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांची पद्धत सोपी होती. जे पाठवायचं त्याला लाल दोरी बांधायची आणि जे राहायचं त्याला नाही. लाल दोरी दिसली की काका ती वस्तू गाडीत चढवत.

आणखी एक नियम होता आणि तो घातला होता आमच्या मावशींनीच. एकदा बेकरीवाल्या काकांच्या बायकोनं त्यांचा रेडिओ देऊन टाकला. काका धावत आले आणि तो परत मागू लागले. मावशींनी भर सभेत त्यांना सुनावलं, "गाडीत चढलं ते गेलं. घेणाऱ्याच्या हातातून आपण काढून घेणार का?" बेकरीवाले काका मान खाली घालून गेले. मला तेव्हा मावशींचा फार अभिमान वाटला होता.

आता पुढे काय झालं ते ऐका. शाळा उघडायच्या आधीचे दिवस होते आणि मावशींच्या घरी गणवेशांचा ढीग पडला होता. तरीही त्या शनिवारी मला घेऊन आल्याच. काम आटोपल्यावर झाकण लावायला गेल्या तर कडी तुटून हातात आली. जवळ दुसरं काही नव्हतं. त्यांनी टेबलावरची लाल दोरी घेतली, झाकणाभोवती घट्ट आवळली आणि पाळकांशी बोलायला बाहेर गेल्या.

तेवढ्यात पोस्टमनकाका आत आले.

मी ओरडले असते, पण आम्हा मशीनना आवाज येतो तो कोणी चाक फिरवलं तरच. मावशी परत येईपर्यंत मी आधारगृहाच्या वाटेवर होते.

तिथे माझं स्वागत जोरात झालं. त्या घरात मशीन कधी आलीच नव्हती. बायकांमध्ये एक होती, तिला सगळ्या लेकुरवाळी म्हणत, कारण तिचं पोर कायम तिच्या कडेवर असे. जवळच्या दवाखान्याला अभ्रे शिवून हवे होते. ते नीट झाले तर पुढचं कामही मिळणार होतं. लेकुरवाळीला मशीन जेमतेम येत होती, पण तिनं पोर मांडीवर घेतलं आणि मला चालवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी उपासना होताच मावशी तिथे आल्या. मला न्यायलाच आल्या होत्या. "चुकून आलीय, माझं पोट आहे तिच्यावर" एवढंच म्हणायचं, असं त्यांनी वाटेत घोकून ठेवलं होतं. दारात त्यांचा आवाज ऐकला आणि मला बरं वाटलं.

लेकुरवाळीला वाटलं, चर्चच्या बाई शिकवायला आल्या. तिनं घाईनं पाट पुढे सरकवला आणि एक अभ्रा त्यांच्या हातात दिला. खालच्या बाजूला दोऱ्याचा नुसता गुंता झाला होता आणि शिवण सुटत होती. मावशींनी तो उलटासुलटा करून पाहिला. त्यांच्या ओठांवर आलेले शब्द मला दिसत होते. मग त्या खाली बसल्या.

"वरचा दोरा चुकीचा ओवलास," त्या म्हणाल्या. "बघ, असा घ्यायचा."

संध्याकाळपर्यंत त्या शिकवत राहिल्या. जाताना त्यांनी झाकण लावलं, लाल दोरी बांधली आणि रिकाम्या हातांनी निघून गेल्या. खरं सांगते, मला फार राग आला. इतकी वर्षं जिची चूल पेटवली, तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

घरी सासूबाईंनी विचारलं, आणायला गेली होतीस की देऊन यायला? मावशी हातशिलाईनं गणवेश शिवायला बसल्या. बोटं सुजली, पण ढीग हलेना.

चर्चमध्ये ही गोष्ट कळली तेव्हा पोस्टमनकाकांचा चेहरा उतरला. लगेच जाऊन आणतो म्हणाले. मावशींनी त्यांना थांबवलं. नियम माझाच आहे, म्हणाल्या. सगळे बेकरीवाल्या काकांकडे पाहू लागले. टोमणा मारायची अशी संधी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनी ती हसून सोडून दिली आणि सांगितलं, "माझी पावाची गाडी रोज सकाळी तिकडेच जाते. गणवेशाचं कापड घ्या आणि बसा."

अशा रीतीनं मावशी आधारगृहात येऊ लागल्या. सकाळी गणवेश, दुपारी अभ्रे. लेकुरवाळी काजं करी, दुसऱ्या बायका बटणं लावत आणि पोर माझ्या शेजारी चिंध्यांत खेळे. शाळा उघडली तेव्हा सगळे गणवेश तयार होते. दवाखान्यानं पुढचं कामही दिलं. मी दमून जाई, पण माझा राग कुठल्या कुठे गेला.

एकदा सामान पोचवायला आलेले पोस्टमनकाका न राहवून मी चुकून आल्याचं बोलून गेले. लेकुरवाळीला सगळं कळलं. तिनं माझं झाकण बांधलं आणि मला उचलून मावशींपुढे ठेवलं.

"पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

"सांगायलाच आले होते गं," मावशी म्हणाल्या. "तुझी शिवण सुटत होती. म्हटलं, आधी ती धरू."

त्यांनी दोरी सोडली, झाकण बाजूला ठेवलं आणि अर्धा राहिलेला अभ्रा सुईखाली सरकवला.

आता मावशींची नजर अधू झाली आहे. शनिवारी लेकुरवाळी मला आधारगृहातून हॉलमध्ये नेते आणि आलेल्या कपड्यांची उसवण शिवते. मावशी शेजारी बसून चुका काढतात. नवी कडी कोणीच बसवली नाही. लाल दोरी दिसली की पोस्टमनकाका चार हात लांब उभे राहून विचारतात, ही न्यायची की ठेवायची?

मित्रांनो, तुमच्या घरी माळ्यावर माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल. तिला खाली काढा, तेल द्या आणि जिला हवी आहे तिच्यापर्यंत पोचवा. पण नुसती दारात ठेवून परत फिरू नका. थोडा वेळ बसा आणि दोरा कसा ओवायचा ते दाखवा. त्या दिवशी मावशी खाली न बसता मला तिथे सोडून गेल्या असत्या, तर त्या घरात मी नुसतं एक जड लोखंड होऊन राहिले असते.