तोंडात कापूस धरून

ते साल एकोणीसशे त्र्याण्णव. नक्की सांगते, कारण त्याच वर्षी आमच्या जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर येऊन बसला आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो. यांनी नोकरी सोडली होती. एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायचं काम होतं, पगार बरा होता. पण एका बैठकीत साहेबांचं काय चुकतंय ते यांनी सगळ्यांसमोर समजावून सांगितलं, आणि साहेबांना समजल्यावरही थांबले नाहीत. त्यानंतर तिथे राहण्यात अर्थ नव्हता.

"मी आता स्वतंत्र सल्लागार," यांनी घरी येऊन जाहीर केलं.

सासूबाई भाजी निवडत होत्या. "सल्ला तर शेजारीपाजारी फुकट देतात. तुझा विकत कोण घेणार?"

"आई, हा सॉफ्टवेअरचा सल्ला आहे."

"तो शेजारी देत नाहीत का? मग ठीक आहे."

दुकानदार, कारखानदार, डॉक्टर, सगळ्यांनी तेव्हा नुकते कॉम्प्युटर घ्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे भेटायला लोक तयार असत. एकदा भेटले की मात्र पुन्हा दिसत नसत. यांना थोडक्यात बोलणं जन्मात जमलं नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने विचारलं, "मुदत संपलेली औषधं कॉम्प्युटर दाखवेल का?" उत्तर 'हो' एवढंच होतं. यांनी शून्य आणि एक या आकड्यांपासून सुरुवात केली. औषधवाल्याने आधी घड्याळ पाहिलं, मग शटर अर्धं खाली ओढलं. पुढे साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा मला लांबच्या दुकानातून आणावी लागे, कारण मी दिसले की तो आतल्या खोलीत जाई.

"अहो, जरा कमी बोलत जा," मी म्हणायची.

"अगं, बोलणाऱ्याची मातीही खपते."

"माती खपते रे," सासूबाई म्हणत, "पण तू अख्खा डोंगर घेऊन जातोस."

असं करत करत वर्ष संपत आलं. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ज्यांना सगळे दादासाहेब म्हणत, त्यांचा गाद्यांचा कारखाना होता. त्यांनी यांना सांगून ठेवलं होतं, "डिसेंबरपर्यंत काय ते बघ. नाहीतर पहिल्या तारखेपासून माझ्याकडे हिशेबाला बस. खुर्ची आणून ठेवली आहे." ती खरोखरच आणली होती. ताईने फोनवर रंगसुद्धा सांगितला. "तपकिरी आहे, मळणार नाही."

यांना त्या खुर्चीच्या नुसत्या विचाराने घाम फुटे. मला खुर्चीपेक्षा ताईची भीती जास्त. ताई माझी लाडकी, पण लहानपणी तिने मला दिलेला एक फ्रॉक अजून तिच्या तोंडून उतरलेला नाही. नवऱ्याला नोकरी दिली म्हटल्यावर मला जन्मभर मान खाली घालून बसावं लागलं असतं.

डिसेंबरात शेवटचं एकच नाव हाताशी उरलं. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या यांचे एक मोठे घाऊक व्यापारी होते. आमच्या घरात त्यांचं नाव 'बिजागरीवाले' असंच पडलं होतं. त्यांनी भेटीला बोलावलं, आणि आदल्या दिवशी यांची अक्कलदाढ सुजली. गाल असा फुगला की एका बाजूने हे दुसरेच कोणी दिसू लागले. दातांच्या डॉक्टरांनी दाढ काढली, टाका घातला, कापसाचा बोळा कोंबला आणि बजावलं, "दोन दिवस तोंड उघडायचं नाही. टाका उसवला तर पुन्हा मलाच शिवावा लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, शिंप्याचं काम मी केलं. पहाऱ्याचं तुमच्याकडे."

"अक्कलदाढ गेली," सासूबाई म्हणाल्या, "आता अक्कल येते का बघू."

यांनी कागदावर लिहिलं, 'भेट पुढे ढकल.' मी फोन केला. तिकडचा कारकून म्हणाला, मालक परवा परगावी निघालेत, महिन्याने येतील. महिन्याने म्हणजे खुर्चीत बसल्यावर. 'मग तू चल आणि तू बोल,' यांनी लिहिलं. काय बोलू विचारल्यावर चार पानं भरून दिली. ती मी पर्समध्ये घातली आणि पर्स घरी विसरले. मुद्दाम नव्हे; पण रस्त्यात लक्षात आलं तेव्हा फार वाईटही वाटलं नाही.

गोदामावर लाकडी जिना, जिन्यावर कचेरी. भिंतीवरच्या फळीवर नमुन्याच्या बिजागऱ्या ठोकलेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर फुलाफुलांच्या कापडाखाली काहीतरी झाकलेलं. बिजागरीवाले अंगाने भरलेले, आवाज गोदामापर्यंत जाईल असा.

"यांची दाढ काढली आहे," मी म्हटलं. "बोलता येत नाही. हे नुसतं ऐकतील."

"सल्लागार, आणि ऐकणार?" ते हसले. "बसा, वहिनी. मला मालाचा हिशेब कॉम्प्युटरवर हवा आहे."

यांच्या गळ्यातून 'म्म्' असा आवाज निघाला. मी टेबलाखाली यांच्या बुटावर चप्पल ठेवली आणि दाबली. हे गप्प बसले आणि बिजागरीवाल्यांकडे बघत राहिले.

समोरचा माणूस बोलत नसला की आपल्यालाच काहीतरी भर घालावीशी वाटते. बिजागरीवाल्यांचंही तेच झालं.

"म्हणजे तसा केलेला आहे," ते म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने बसवून दिला. टाय घातलेली पोरं आली होती."

हे बघतच होते. दाढेच्या कळेने यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बिजागरीवाल्यांना ती कळकळ वाटली.

"चालत नाही असं नाही. चालतो. नोकर चालवतात." मग ते उठले, दार लावून घेतलं आणि परत येऊन बसले. आवाज एवढा खाली आला की मला पुढे वाकावं लागलं. "खरं सांगू का, वहिनी? मला तो कोपऱ्यातला कॉम्प्युटर सुरू करता येत नाही. अंधारात हाताला बिजागरी लागली तर किती इंची ते मी सांगतो. आणि माझ्या गोदामात माल किती, ते मला माझ्याच नोकरांना विचारावं लागतं. ते सांगतील ते खरं."

"त्या कंपनीच्या पोरांना विचारायचं होतं," मी म्हटलं.

"विचारलं की. त्यांनी इतकं समजावलं, इतकं समजावलं, की मी नुसता हो हो म्हणत बसलो. आता पुन्हा विचारायची लाज वाटते. म्हणून तर परगावी चाललोय. तिथे निदान कोणी त्याच्यासमोर बसा म्हणत नाही."

माझं लक्ष यांच्या गळ्याकडे होतं. शून्य आणि एक तिथपर्यंत आलेले मला स्पष्ट दिसत होते. यांनी खिशातून पेन्सिल काढली, टेबलावरचा कागद ओढला, आणि मला वाटलं, झालं, आता चार पानं. पण यांनी एवढंच लिहिलं: 'मी शिकवीन. दार बंद करून.'

बिजागरीवाल्यांनी ते दोनदा वाचलं. "आणि नोकरांना काय सांगायचं?"

यांनी खाली लिहिलं, 'दाढ दुखते.'

ते इतके हसले की कारकुनाने दार वाजवलं. परगावचं जाणं त्यांनी तिथेच रद्द केलं.

जिना उतरताना यांनी तोंड उघडायला सुरुवात केली. "टाका," मी म्हटलं. मिटलं.

त्या रात्री मीच ताईला फोन करून सांगितलं की यांना काम मिळालं. "मग खुर्चीचं काय?" ती म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे. तपकिरी आहे, मळणार नाही."

शिकवून झाल्यावर यांनी बिजागरीवाल्यांचा प्रोग्रॅमही नव्याने लिहिला. त्यांनी मग एका मोटार शिकवणाऱ्या बाईंना यांचं नाव सांगितलं: माणूस बोलत नाही, पण पोहोचलेला आहे. तोवर दाढ बरी झाली होती. हे निघायच्या वेळी सासूबाई कापूस घेऊन दारात उभ्या.

"आई, ही फसवणूक आहे."

"कापूस खोटा आहे का? मग."

पुढे बरीच वर्षं कुठल्याही पहिल्या भेटीला हे कापूस धरूनच गेले. नंतर सवयच लागली, कापसाची गरज उरली नाही.

सासूबाई नव्वदी ओलांडून गेल्या. मुलगा काय करतो असं कोणी विचारलं की सांगत, "लोकांचं ऐकून घेतो. हल्ली त्याचेही पैसे मिळतात." बिजागरीवाले कॉम्प्युटरवर इतके तरबेज झाले की नोकरांना स्वतः शिकवू लागले, फार लांबण लावतात अशी नोकरांची तक्रार होती. आता त्यांची मुलगी धंदा बघते. दादासाहेबांनी कारखाना विकला. पाठीमुळे डॉक्टरांनी त्यांना गादी बंद केली आहे, ते फळीवर झोपतात. यांना धंद्यात उभं केलं ते आपणच धाक घालून, असं ताई सगळ्यांना सांगते. दातांचे डॉक्टर मुलाकडे परदेशी गेले ते गेलेच.

हे जाऊन बरीच वर्षं झाली. दिवसभर बाहेर न बोललेलं सगळं हे संध्याकाळी घरी आणत आणि माझ्यासमोर ओतत. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही, पण ऐकायची सवय झाली. यांची जुनी गिऱ्हाइकं अजून अधूनमधून फोन करतात, काहीतरी अडलंय म्हणून. मी सांगते, हे नाहीत आता. तरी काय अडलंय ते सांगतच राहतात. मी मधे बोलत नाही. बऱ्याचदा सांगता सांगता त्यांचं त्यांनाच उत्तर सापडतं. परवा एकाने शेवटी बिल पाठवायला सांगितलं. किती लावावं, मी अजून विचार करते आहे.