पंधरा दिवसांत निकाल

पूर्वी इमारतीची तक्रार केली की अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरायचा आणि शेवटी कुठल्यातरी कपाटात निजायचा. पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या वहिनींचे तीन अर्ज असेच निजले होते. खालच्या बेकरीवाल्याने दुकान वाढवायला भिंत पाडली आणि तेव्हापासून आपल्या स्वयंपाकघराला तडा गेला, अशी त्यांची तक्रार.

आता सरकारने नियम बदलला. सगळ्या तक्रारी एकाच खिडकीवर, पंधरा दिवसांत पाहणी आणि निकाल, तोही दोघांना समोरासमोर उभं करून. वहिनींनी चौथा अर्ज दिला. चौथ्याच दिवशी नोटीस आली. एक त्यांना, एक बेकरीवाल्याला. दोन्हींवर तक्रारदार म्हणून त्यांचं नाव.

"आता खाली तोंड कसं दाखवू?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरीला धाप लागली तेव्हा त्यांनीच गाडी काढली होती."

"मग अर्ज कशाला दिलास?"

"वाटलं, हाही निजेल."

पाहणीपर्यंत त्या जिना उतरल्या नाहीत. ब्लाउजच्या बाह्या दोनदा उलट्या जोडल्या.

इंजिनियरबाई आल्या. हातोडीने ठोकत ठोकत दुकानातल्या कोपऱ्यातल्या खांबाशी थांबल्या. गिलावा पापडासारखा सुटला. आत गंजून फुगलेल्या सळ्या.

"पाडलेली भिंत नुसत्या आडोशाची होती. दुखणं इथे आहे. वरच्या न्हाणीघरातलं पाणी मुरतंय. किती वर्षं?"

न्हाणीघराची फुटकी फरशी वहिनी रोज बघत होत्या. "सहा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"टेकू लागेपर्यंत दुकान बंद, वरचं घरही रिकामं. आजच."

"भाऊ, मी तुमच्यावर उगाच..."

बेकरीवाला खांबाकडेच बघत होता. "माझी माणसं दिवसभर याला टेकून बसतात," तो म्हणाला. "तुम्हाला चार शब्द सुनावायचेत, वहिनी. पण उद्या. आधी त्यांना बाहेर काढतो."

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच सुनावलं, फुटपाथवर, सगळ्यांदेखत. वहिनींनी मान खाली घालून ऐकून घेतलं.

खांब ठरल्या मुदतीत दुरुस्त झाला, न्हाणीघराची फरशीही नवी बसली. बहिणीकडे राहायला गेलेलं बिऱ्हाड परत आलं. तरी अजून अंगावर तांब्या ओतताना वहिनींचा हात मध्येच थांबतो, आणि पाणी नीट मोरीकडे वळेपर्यंत त्या श्वास सोडत नाहीत.