रेडिओ बंद

सासरे निवृत्त बस-कंडक्टर. त्यांना सगळा जिना 'रेडिओ' म्हणायचा. झोपेतही यांची टकळी चालू असते, असं सासूबाईंचं म्हणणं. आज मात्र पेपर संपेपर्यंत त्यांना तोंड मिटून बसायचं होतं.

आत सून परीक्षा देत होती. ती लिफ्ट दुरुस्त करते. इंजिनिअरिंगच्या पदवीला प्रवेश हवा, तर आधी भौतिकशास्त्र आणि गणित पास व्हायला हवं. नोकरी सांभाळून तिनं दोन्ही विषय दूरशिक्षणानं, घरी बसून केले. भौतिकशास्त्रात ती पास झाली होती. आज गणित. पेपर लॅपटॉपवर, कॅमेरा आणि माइक चालू. दुसऱ्या कुणाचा आवाज आला की पेपर रद्द आणि वर्ष वाया.

म्हणून सासू-सासरे दोघं दाराबाहेर पायरीवर बसले होते. दारावरच्या बेलचा सेल सासऱ्यांनी सकाळीच काढून खिशात टाकला होता.

"तोंडाचाही काढा," सासूबाई कुजबुजल्या.

त्यावरही ते बोलले नाहीत, तेव्हा सासूबाईंना जरा काळजीच वाटली.

सासऱ्यांना तिच्या अभ्यासाची एक संध्याकाळ आठवत होती. हाताचं ग्रीस धुऊन सून टेबलाशी बसलेली, एका कानात लेक्चर, दुसऱ्या कानात त्यांची बडबड, घाटात अडकलेल्या बसचा तोच जुना किस्सा. त्यांनी सहज विचारलं, "हे डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय गं?"

"बाबा, लिफ्ट सुटताना पोटात गोळा येतो ना? तो वेगामुळे नाही, वेग बदलतो म्हणून. किती झपाट्यानं बदलतो, ते मोजायचं."

ब्रेक लागला की माणसं पुढे कलंडतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. पोरीनं दोन वाक्यांत त्याचा हिशेब लावून दिला.

खालून नेहमीचा कुरिअरवाला आला. तो "पार्सल" म्हणणार, तोच सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं, सही केली आणि त्याला हातानंच वाटेला लावलं.

"रेडिओ बिघडला का?" जाता जाता त्यानं सासूबाईंना हळूच विचारलं.

अखेर दार उघडलं. "झाला. निघेन पास," सून म्हणाली. "पहिलं गणित मात्र अडलं, बाबा. घर इतकं चिडीचूप की डोकंच चालेना. सगळा अभ्यास तुमच्या बडबडीत केलेला. मग मनातल्या मनात तुमचा तो घाटातल्या बसचा किस्सा सुरू केला, तेव्हा कुठे हात चालला."

सासऱ्यांनी सेल बेलमध्ये परत बसवला. घसा खाकरला.

"कुठवर आली होती बस?"

"दुसऱ्या वळणावर."

"बरं, मग पुढे काय झालं..." म्हणत ते तिच्या मागोमाग आत शिरले.