बजरंगकाकांच्या भिंतीतला झरोका

"पहार घेऊन कुणाशी भांडायला निघालात?" मी विचारलं.

अण्णांनी बशीतला चहा संपवला. "भांडाया न्हाई. बजरंगच्या भिंतीला नाक न्हाई, ते काढून देतो."

"त्यांचं नाक तुमीच कापलंय," आई चुलीपासून म्हणाली. "आता गप बसा."

अण्णा हसत गेले. टोपी खुंटीवरच राहिली.

आमची वस्ती दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते. जाताना लोक खिडक्या, फटी चिखलानं लिंपतात, कुलूप लावतात आणि किल्ली अण्णांकडे देतात. यंदा कॉलेजातली माणसं आली. जमिनीतून, दगडांतून रेडॉन नावाचा वायू घरात शिरतो. त्याला वास नाही, रंग नाही. घरात कोंडून राहिला तर वर्षानुवर्षांनी फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तो मोजायला त्यांनी घराघरांत प्लास्टिकच्या डब्या टांगल्या. बंद घरांची कुलपं अण्णांनी उघडून दिली. लिंपलेल्या घरात वायू कोंडून आकडा नांदत्या घरापेक्षा जास्तच येणार, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्यांत जास्त आकडा अण्णांच्या धाकट्या भावाच्या, बजरंगकाकांच्या घराचा आला. लोक परतेपर्यंत त्याचं नाव 'इखाचं घर', म्हणजे विषाचं घर, पडलं होतं. काकांच्या मुलीची, पूजाची ठरलेली सोयरीक शेवगावच्या मंडळींनी मोडली.

मी टोपी घेऊन मागच्या वाटेनं गेले. काकांच्या मातीच्या भिंतीला वीतभर भोक पडलं होतं. आतून अण्णांचा आवाज आला, "बघ, एवढ्यानं घर मोकळं व्हतंय. दारं उघडी ठेव. पुन्यांदा मोजू."

"माझ्या पोरीचं वाटोळं केलंस, आन् आता भिंत बी फोडतोस?"

मी भोकाला डोळा लावला. काकांनी पहार हिसकावली. पहिला वार खांद्यावर बसला. अण्णा गुडघ्यावर आले, "बजरंग, आरं..." एवढंच म्हणाले. दुसरा डोक्यावर. भिंतीवर पहार बसते तसाच आवाज आला, फक्त ओला. तिसरा वार ते पडल्यावर. मग काकांनी भोकात पहार घालून भिंत आत ओढली. माती आणि दगड अण्णांवर कोसळले. मी किंचाळले. मागून धावत आलेल्या आईनंही ते पाहिलं होतं. तिनं माझ्या तोंडावर हात दाबला. हाताला पीठ होतं.

"गप," ती कानात म्हणाली. "तो आत गेला तर पूजाला कोन करंल? एक घर बुडालंय, दुसरं नको."

जुनी भिंत, अंगावर पडली. पोलिसांनी तेच लिहून घेतलं.

दहाव्याला नदीकाठी पिंड मांडला. कावळा बाभळीवर बसून होता, खाली उतरेना. रीतीप्रमाणे एकेक जण गेलेल्याला शब्द देऊ लागला.

"दादा, वहिनीला मी सांभाळीन," काका हात जोडून म्हणाले.

कावळा हलला नाही.

"तुझ्या नावानं झाडं लावीन."

"किती आढेवेढे घेतोय, जित्तेपनी बी असाच व्हता," मागून कुणीतरी पुटपुटलं. दोघं-तिघं हसले.

गोजरबाई, अण्णांची थोरली बहीण, माझ्याकडे वळली. "पोरी, तू बोल. काय राह्यलंय त्याचं?"

आईनं माझं मनगट धरलं. मी ते सोडवून घेतलं आणि पिंडासमोर उभी राहिले.

"अण्णा, भिंत तुमच्यावर पडली नाही. काकांनी तुम्हाला पहारीनं मारलं, आणि मग भिंत पाडली. तुम्ही काढलेल्या झरोक्यातून मी पाहिलं."