शिंप्याच्या बायकोचं मत

त्या सकाळी शिंप्याच्या घरात शिलाई मशीन बंद होतं आणि टकळीचं तोंड चालू होतं. टकळी म्हणजे शिंप्याची शाळकरी मुलगी. खरं नाव वेगळंच, पण बोलण्याला खळ नाही म्हणून गल्लीनं हेच ठेवलेलं. आज तर तिला ऊतच आला होता. राज्याच्या विधानसभेची पहिली निवडणूक, आणि बायकांनाही मत!

"आई, नर्सबाईंची खूण कंदील. चुकून भलत्याच पेटीत चिठ्ठी टाकशील हं."

"मी कधी काज उलटं केलंय का गं?" आई म्हणाली. "कंदीलच."

नर्सबाई निवडून आल्या तर गावात बाळंतपणाचा दवाखाना आणणार होत्या. होता तो दवाखाना पंधरा मैलांवर. आईची दोन बाळं त्या रस्त्यातच गेली होती. ती त्याबद्दल बोलत नसे, पण आठवडाभर कंदील, कंदील घोकत होती.

शाळेतल्या केंद्रावर कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

आईनं बाबांकडे पाहिलं आणि हळूच स्वतःचं नाव सांगितलं. परक्या पुरुषापुढे, जन्मात पहिल्यांदा.

कारकुनाचं बोट यादीवरून खाली गेलं, वर आलं. "नाही."

"शिंप्याची बायको म्हणून बघा," बाबा पुढे झाले. यादीवाले घरी आले तेव्हा बाबांनीच तसं लिहून दिलं होतं. घरच्या बाईचं नाव परक्याच्या वहीत कशाला, ही गल्लीची रीतच.

"तसली सगळी नावं वरून खोडली. अमक्याची बायको, तमक्याची आई. ओळखायचं कसं?"

"अहो, माझीच बायको आहे. वीस वर्षं झाली."

"तुमची आहे हो. पण मत तिला द्यायचंय ना? सरका, रांग खोळंबलीय."

बाबांनी मत दिलं. आई भिंतीशी उभी राहिली. एकेक करत तिच्या शेजारी गल्लीतल्या बायका जमत गेल्या.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. नर्सबाई एकतीस मतांनी पडल्या. एकट्या टकळीच्या गल्लीत त्रेपन्न बायका यादीतून उडाल्या होत्या.

"बाबा, आपणच पाडलं त्यांना."

बाबांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "मी इज्जतीपायी केलं गं."

"कुणाच्या?"

बाबांनी चाक पुन्हा फिरवलं. आई काजं करत होती. "आता पाच वर्षांनी," एवढंच म्हणाली. शेजारच्या बेकरीवाल्याच्या सुनेला तेव्हा सातवा महिना होता.

दुसऱ्या दिवशी टकळी वही घेऊन निघाली. प्रत्येकीचं नाव लिहायचं आणि कचेरीत नेऊन द्यायचं, ठरलं म्हणजे ठरलं. पहिलं दार बेकरीवाल्याचं. सून पोटावर हात ठेवून बाहेर आली.

"वहिनी, तुमचं नाव सांगा. यादीत घालायचंय."

वहिनी लाजल्या. "थांब हं, आत विचारून येते."

"स्वतःचं नाव विचारून?"

"सांगू की नको, ते गं."

दार लोटलं गेलं. टकळीनं कोऱ्या पानावर एकचा आकडा घातला आणि ती पायरीवर बसून राहिली. आतून पुरुषाचा आवाज येत होता. वहिनींचा येत नव्हता.