पालक बाहेर थांबतील

विद्यापीठाच्या विद्यार्थी सल्ला कार्यालयात एक नियम होता: विद्यार्थी आत, पालक बाहेर. नियम सल्लागारानं स्वतःच केलेला. आई-बाप आत आले की तेच बोलत सुटतात आणि मूल पंख्याकडे बघत बसतं, हा त्याचा अनुभव. मुलानं आत मन मोकळं करायचं, मग बाहेर बाकावरच्या बापाला स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि त्यानंतरच सल्लागार संगणकावर बटण दाबून विषय बदलून देणार. बाप चवताळून आत आलाच, तर त्यावरही उतारा तयार होता. ग्लासभर पाणी आणि एक प्रश्न: "त्या वयात तुम्हाला काय व्हायचं होतं?" भलेभले बाप तिथे विरघळत. मागे एक मिशीवाले कंत्राटदार तर नाचून दाखवून गेले होते.

त्या दिवशी विषय बदलायची शेवटची तारीख होती. दुसऱ्या सल्लागारबाई अक्कलदाढ काढून घरी पडलेल्या, त्यामुळे सगळी गर्दी ह्याच्याच गळ्यात. दारावर क्रमांक पुकारायला फौजदारबाई होत्या; हे नाव अर्थातच त्यांच्या पाठीमागे घ्यायचं. त्यांनी पुकारलं, दार उघडलं आणि आत आली ती ह्याची स्वतःची लेक.

"डबा विसरलो का मी?" त्यानं विचारलं.

"नाही, सर. मला विषय बदलायचाय."

'सर' ऐकून तो खुर्चीत सावरून बसला. लेक कायद्याच्या पहिल्या वर्षाला होती. ती वकील होणार हे त्यानं दोन्हीकडच्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. मेहुणा तर तिला आतापासूनच वकीलसाहेब म्हणायचा, आणि शेजाऱ्याशी चाललेलं भिंतीचं भांडण त्यानं खास तिच्यासाठी राखून ठेवलं होतं.

"बसा," तो म्हणाला. नियम म्हणजे नियम. "कोणता विषय घ्यायचाय?"

"कीटकशास्त्र. त्यातही शेणकिडे."

त्याचा चेहरा पडला, पण पाठ ताठ राहिली. ठरलेले सगळे प्रश्न त्यानं विचारले. कायद्याच्या तासाला झोप येते, ती म्हणाली, आणि किड्यांपुढे जेवायचंही भान राहत नाही. शेणाचा गोळा ढकलताना शेणकिडा आकाशाकडे बघून दिशा ठरवतो, हे सांगताना तिचे डोळे असे चमकले की ही दुसऱ्या कोणाची मुलगी असती तर त्यानं तेव्हाच बटण दाबलं असतं.

"घरी सांगितलंय?"

"आईला सांगितलंय. बाबांची भीती वाटते."

हे त्याला फार लागलं. "भीती कसली? चांगले असतील बाबा."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

तेवढ्यात फौजदारबाईंनी डोकं आत घातलं. "साहेब, हिचे पालक आलेत का?"

"मीच तो."

"मग आत काय करताय? पालक बाहेर!"

तो निमूट बाहेर जाऊन बाकावर बसला. शेजारी एक जाडजूड दुकानदार मुलाचा क्रमांक यायची वाट बघत होते. "कसा आहे हो सल्लागार?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. जरा शिष्टच आहे."

लेक समोर येऊन उभी राहिली. "बाबा, मी कायदा सोडतेय. शेणकिड्यांचा अभ्यास करणार आहे."

दुसऱ्यांदा ऐकताना सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. कसलं काय! "शेणकिडे? लोकांना काय तोंड दाखवू मी? कोणी भरवलं हे डोक्यात?"

"कोणी नाही. आतले सर नुसतं ऐकत होते."

"बघतोच त्याच्याकडे!"

"बघाच," दुकानदार म्हणाले, "आणि माझ्या वतीनंही दोन शब्द सुनावा."

त्यानं आत जाऊन धाडकन दार लावलं. खुर्ची रिकामी. आता भांडायचं कोणाशी? सवयीनं त्यानं ग्लासात पाणी ओतलं, टेबलाच्या पलीकडे सरकवलं आणि वळसा घालून जाऊन स्वतःच पिऊन टाकलं.

"त्या वयात तुम्हाला काय व्हायचं होतं?" त्यानं सल्लागाराच्या गोड आवाजात विचारलं.

आजवर त्यानं हे शेकडो बापांना विचारलं होतं. त्याला मात्र कोणीच विचारलं नव्हतं.

"बोलक्या बाहुलीचे खेळ करायचे होते," तो म्हणाला. ओठ न हलवता. त्यालाच आश्चर्य वाटलं, अजून जमत होतं! "लाल मोज्याची बाहुली केली होती. वडिलांनी माळ्यावर फेकली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"का?"

"बाबांची भीती वाटायची."

त्याला एकदम भरून आलं. टेबलाला वळसा घालून तो खुर्चीत बसला, नाक पुसलं आणि बटण दाबलं.

बाहेर अख्खा बाक दाराला कान लावून उभा होता. "चांगलीच जुंपली की दोघांची!" दुकानदार म्हणाले. "जिंकलं कोण?"

लेक कोपऱ्यात नखं खात होती. "सर काय म्हणाले?"

"विषय बदलला म्हणतात."

"आणि बाबा?"

तो बाकावर बसला आणि तिला शेजारी जागा केली. "बाबा म्हणतात, मेहुण्याला मी सांगतो. तू आधी तो किडा दाखव."

तिनं पिशवीतून काड्यापेटी काढली. दुकानदारांनी पटकन बाकावर बसून दोन्ही पाय वर घेतले.

"पुढचा कोण?" फौजदारबाई ओरडल्या, आणि रिकाम्या खोलीत डोकावल्या. "आता सल्लागार कुठे गेले?"

"थांबा जरा," तो काड्यापेटीतून डोकं वर न काढता म्हणाला, "पालकांशी बोलतायत."